दिवाळी कधी येते, त्यावर देश ठरवा

पत्र:

नमस्कार. आम्ही डोंबिवली-ठाण्याचे चौघं. गेली काही वर्षं हिवाळ्यात शनिवार-रविवार सह्याद्रीत क्लाइंबिंग करतो, पावसाळ्यात इनडोअर वॉलवर हात चालू ठेवतो. बोल्ट (कातळात पक्के बसवलेले खिळे) मारलेल्या रूटवर दोघं ६एपर्यंत (हा अवघडपणाचा ग्रेड; आकडा-अक्षर वाढेल तसा रूट कठीण) लीड करतात, म्हणजे खालून दोर बोल्टमध्ये अडकवत पुढे चढतात. मी आणि माझा नवरा ५सी लीड, ६ए टॉप-रोपवर, म्हणजे वरून लावलेल्या दोरावर. परदेशात एकदा तरी चढायचं म्हणून पैसे साठवलेत. डोक्यात थायलंडचं रेले आहे.

घोडं अडलंय ते सुट्टीवर. चौघांतल्या एका मैत्रिणीची मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचा नवरा चढत नाही. ती दोघंही येणार, म्हणून शाळेची सुट्टी बघावी लागते: दिवाळी नाहीतर मे. तेवढ्यात एका एजंटने रेलेचं जुलैचं पॅकेज दिलंय, जवळजवळ निम्म्या दरात. म्हणतो, तिकडचा पाऊस तास-दोन तास पडतो आणि थांबतो. त्यासाठी शाळा आठवडाभर बुडवायची आमची तयारी आहे. टोकन महिनाअखेरपर्यंत भरायचंय. आमच्यातला एक जण म्हणतो, जानेवारीशिवाय तिकडे जाऊच नये. दुसऱ्याने ग्रीसमधल्या कालिम्नोसचं नाव काढलंय. आणि नेटवर बघावं तर जो तो वेगळाच ‘बेस्ट सीझन’ सांगतो. नेमकं कधी जावं?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

जुलैचं टोकन भरू नका. बाकीचं सविस्तर लिहिते, पण महिनाअखेर जवळ आलीय म्हणून हे आधी.

तुमचा एजंट खोटं बोलत नाहीये. क्राबीत, म्हणजे रेले ज्या प्रांतात आहे तिथे, जुलैमध्ये पाऊस रोज दिवसभर धरून पडतो असं नाही. सर येते, जाते, मधे लख्ख ऊनही पडतं. किनाऱ्यावर चार दिवस लोळायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. तुम्हाला मात्र कातळावर जायचंय, आणि चुनखडीचा कातळ सर थांबली म्हणून लगेच कोरडा होत नाही. चुनखडी आतून भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेली असते. डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी त्यातून वाट काढत खाली येतं आणि दोन-दोन दिवसांनी नेमकं तुमच्या होल्डमधून, म्हणजे पकडीच्या खाचेतून, बाहेर पडतं. जुन्या चाळीत वरच्या मजल्यावरचा नळ बंद झाला तरी खालच्यांच्या छताची ओल हटत नाही, तसला प्रकार. खालून बघताना भिंत वाळलेली दिसते, वर ऊन असतं, आणि चौथ्या बोल्टच्या वर ज्या खळग्यात बोटं घालायची तो पाण्याने भरलेला निघतो. घाम टिपायला हाताला लावलेल्या चॉकच्या पावडरीचा तिथे चिखल होतो. पाय पुढे टाकून झालेले असतात आणि मागे यायलाही पकड नसते.

यावर कोणीतरी सांगेलच, की रेलेला आणि शेजारच्या तोनसाईच्या किनाऱ्यावर लोक पावसाळ्यातही चढतात. चढतात, खरं आहे. तोनसाईच्या किनाऱ्यावरची भिंत इतकी पुढे झुकलेली आहे, की बाहेर धो धो कोसळत असताना तिच्या पोटाखाली कोरडं राहतं. पण त्या झुकलेल्या भिंतीवरचे रूट बहुतेक करून सातच्या ग्रेडचे आणि त्याच्या पुढचे. ६ए आणि त्याखालचे रूट असतात उभ्या किंवा किंचित मागे कललेल्या कातळावर, म्हणजे पाऊस थेट जिथे आपटतो तिथे. ‘बेस्ट सीझन’च्या याद्या करणारे हे कधीच सांगत नाहीत: ७बी चढणाऱ्याचा हंगाम लांबलचक असतो आणि ५सी चढणाऱ्याचा आखूड. नव्या माणसाला हवामान जास्त चांगलं लागतं. म्हणून कोणी ‘आम्ही ऑगस्टमध्येही मस्त चढलो’ म्हणालं, तर आधी त्यांना काय चढलात ते विचारा.

शिवाय रेलेला रस्ता नाही. आहे मुख्य भूमीवरच, पण तिन्ही बाजूंनी कडे असल्यामुळे बोटीनेच जावं लागतं. जवळच्या आओ नांग गावाहून लाँगटेल बोटीने पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाट नकोशी होते आणि मग पूर्वेच्या बाजूने, आओ नाम माओहून जायचं. सात वर्षांच्या मुलीला आणि चार रोपबॅगा घेऊन तो उपद्व्याप कशाला?

आता तुमच्या जानेवारीवाल्या मित्राकडे वळू. कातळाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते क्राबीपुरतं. अख्ख्या थायलंडला एक हंगाम लावता येत नाही. क्राबी अंदमान समुद्राकडे तोंड करून बसलंय, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या थेट मार्गात, आपलं कोकण आहे तसं. तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस आणि डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत कोरडे दिवस. पलीकडे थायलंडच्या आखातातली को समुई आणि को ताओ बेटं घ्या: तिथे जुलै बऱ्यापैकी कोरडा असतो आणि खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य वाऱ्यांचा, चेन्नईला पडतो तो. को ताओवर ग्रॅनाइटचे धोंडे आहेत, बोल्डरिंगवाले, म्हणजे दोराशिवाय बुटक्या धोंड्यांवर चढणारे, जातात. उत्तरेला चिआंग माईजवळ क्रेझी हॉर्स नावाची चुनखडीची भिंत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे झकास, पण मार्च-एप्रिलात शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असा कोंदतो की दम लागण्यासाठी चढायचीही गरज नाही.

तेव्हा रेलेसाठी जानेवारी उत्तम. पण जानेवारी म्हणजे थंडी, असं समजून जाऊ नका. आपण सह्याद्रीतले लोक हिवाळी क्लाइंबिंग म्हणजे पहाटे स्वेटर घालून, बेसाल्ट बोटांना गार लागतोय, असं चित्र डोक्यात घेऊन जातो. क्राबी कन्याकुमारीच्या अक्षांशावर आहे. जानेवारीतही दुपारी तीस-बत्तीस अंश आणि समुद्राची दमट हवा. बोटं घामेजली की होल्ड सुटतात, आणि उन्हात तापलेल्या भिंतीवर तर एका रूटनंतरच बोटांची सालपटं निघायला लागतात. तिथे जो काही फरक पडतो तो सावलीने. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत दुपारी गाठायची, पश्चिमेकडची सकाळी. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तराभिमुख भिंतीला दिवसभर सावली मिळते. एप्रिलात तो सरळ डोक्यावर येतो, मग कुठलीच भिंत वाचवत नाही. म्हणून ‘एप्रिलपर्यंत सीझन’ असं लिहिलेलं असलं तरी मार्चच्या मध्यानंतर मी कोणाला रेले सुचवत नाही.

नाताळ ते नववर्षाचा आठवडा मात्र टाळाच. हवामान सुरेख असतं, पण दर दुप्पट वाटावेत असे, आणि सोप्या रूटखाली रांगा. रेलेचे सोपे रूट आधीच इतक्या हातापायांनी घासले गेलेत की पाय ठेवायच्या खाचांना चकाकी आलीय. त्यावर घाईघाईत, मागे सहा जण उभे असताना लीड करण्यात मजा नाही.

पण तुम्हाला शाळा सांभाळायची आहे, त्यामुळे जानेवारी मुळातच बाद. उरली दिवाळी. तुमच्या प्रश्नाची खरी गोम इथे आहे. कातळ कोरडा कधी होणार ते सूर्य ठरवतो, दिवाळी कधी येणार ते चंद्र. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला जातं. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे आणि २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक. घरी फराळ तोच, कंदील तोच, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. क्राबीत या तीन आठवड्यांत ऋतू बदलतो.

कारण असं: मोसमी पाऊस एकदम सगळीकडून उठत नाही. पावसाचा पट्टा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जातो. राजस्थानातून तो सप्टेंबरातच हलतो, महाराष्ट्रातून ऑक्टोबरात. हस्त आणि चित्रा नक्षत्रं सरता सरता आपल्याकडे आवराआवर होते आणि आपण दोर उन्हात टाकायला मोकळे होतो. क्राबी कन्याकुमारीइतकं खाली. आपल्याकडून निघालेला पट्टा तेव्हा तिथल्या डोक्यावर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे क्राबीचे सर्वांत ओले महिने आहेत. म्हणजे मुंबईत ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालाय, तैलबैल्याच्या भिंती खडखडीत वाळल्यात, आपल्याला वाटतं आता सगळीकडेच हंगाम सुरू झाला, आणि रेलेला चिंब पाऊस. मुंबईकर आणि पुणेकर ज्या वेळी सर्वांत उत्साहात तिकिटं काढतात, तीच नेमकी चुकीची वेळ.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर चित्र पालटायला लागतं. ८ नोव्हेंबरची दिवाळी असेल तर पाडवा-भाऊबीज उरकून निघा. तेव्हाही एखादी दुपारची सर धरून चाला, काही रूट अजून गळत असतील, पण कोरड्या भिंती सापडतात, गर्दी नसते आणि दर अजून चढलेले नसतात. दहा दिवस असतील तर चढाईचे सहा-सातच धरा. बाकीच्या दिवसांत पोरीला वाळूत किल्ला करू द्या, दिवाळीचा राहिला असेल तर.

तिथीवरून आठवलं. रेले वेस्टहून तोनसाईला ओहोटीच्या वेळी खडकांवरून पायी जाता येतं. एरवी बोट किंवा जंगलातली चढ-उताराची वाट. ओहोटी किती खोल जाणार हे कोळ्यांच्या पोरांना विचारायची गरज नाही, आपल्या कालनिर्णयावर दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा धड ना भरती धड ना ओहोटी. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे भाऊबीजेनंतर लगेच पोचलात तर सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत ती पायवाट चांगली उघडी मिळेल आणि मग हळूहळू आखडत जाईल. तोनसाईचा बेत आधी उरका. त्याच वेळी रेले ईस्टला मात्र ओहोटीत लांबवर नुसता चिखल असतो. सामान घेऊन उतरायचं तर भरती बघून पोचा.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर काय? तर थायलंड विसरा आणि ग्रीसला जा.

कालिम्नोसचं नाव ज्याने काढलं त्याला माझ्यातर्फे चहा पाजा. एजियन समुद्रातलं, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं छोटं बेट. पिढ्यान् पिढ्या तिथले लोक समुद्राच्या तळातून स्पंज काढून आणायचे, तो धंदा पडला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आंद्रेआ दी बारी या इटालियन क्लाइंबरची नजर तिथल्या कड्यांवर गेली, बोल्ट मारले गेले, आणि आज तिथे तीन हजारांहून जास्त रूट आहेत. चौथ्या-पाचव्या ग्रेडपासून नववीपर्यंत. तुमच्यासारख्यांना महत्त्वाचं म्हणजे ५ ते ६ए या पट्ट्यात इतकं काही आहे की दहा दिवसांत एकच रूट दोनदा चढायची वेळ येणार नाही. बोल्टही एकमेकांपासून माणुसकीच्या अंतरावर आहेत.

तिथले चांगले हंगाम दोन. एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटलेला; सावलीमागे धावत चढणारे चढतात, पण पैसे साठवून पहिल्यांदा जाणाऱ्याने ते करू नये. हिवाळ्यात पाऊस, आणि मसूरी (बेटावरचं गाव, उत्तराखंडातलं नव्हे) बरंचसं बंद. खानावळी, भाड्याच्या खोल्या, सगळ्यांना कुलूप.

म्हणजे १७ ऑक्टोबरची दिवाळी कालिम्नोससाठी अगदी मधोमध बसते. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा पोहण्याजोगा उबदार असतो, दिवसा चोवीस-पंचवीस अंश, कातळ महिनोन् महिने कोरडा. गर्दी असते, कारण अख्ख्या युरोपला हे माहीत आहे. राहायची जागा उन्हाळ्यातच ठरवून ठेवावी लागेल. २९ ऑक्टोबरची दिवाळी मात्र अवघड जागची. रेलेसाठी लवकर, कालिम्नोससाठी उशीर. शाळेची सुट्टी लक्ष्मीपूजनाच्या आधी सुरू होत असेल तर आधीचे आठ दिवस ग्रीसमध्ये घालवून धनत्रयोदशीला घरी या. उलटं, दिवाळी घरी करून निघालात तर नोव्हेंबर लागतो, पाऊस कधीही येऊ शकतो आणि युरोपातून शेजारच्या कोस बेटावर येणारी हंगामी विमानं बंद झालेली असतात. आणखी एक: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर कालिम्नोसला साडेपाचच्या आतच सूर्यास्त. दुपारी जेवून पुन्हा भिंतीकडे जाऊ म्हणणाऱ्यांच्या हाती हेडलँपच येतो.

दोन्ही जागांची तुलना करताना हवामानाचे तक्ते कसे वाचायचे तेही सांगून टाकते, कारण पत्रात तुम्ही त्यानेच वैतागलेल्या दिसता. ‘सरासरी तापमान’ हा आकडा सोडून द्या, त्यात रात्र मिसळलेली असते. कमाल तापमान बघा, आणि तेही सावलीत मोजलेलं असतं हे लक्षात ठेवा. उन्हातल्या भिंतीचा त्याच्याशी संबंध नाही. पावसाचे मिलिमीटर बघण्याआधी पावसाचे दिवस मोजा. महिन्यात दोन वादळी रात्रींत मिळून पडलेला पाऊस आणि तेवढाच पाऊस वीस दिवस थोडाथोडा, यांत चढणाऱ्याला पहिला परवडतो. मग त्याच्या मागच्या महिन्याचाही पाऊस बघा. कालिम्नोसला चुनखडीचे लोंबते खांब आहेत, त्यांना टुफा म्हणतात; हिवाळ्याचं पाणी त्यातून मार्चमध्येच काय, कधीकधी एप्रिलातही ठिबकत असतं, आकाश निळंशार असताना. ग्रांदे ग्रोट्टा नावाची तिथली प्रसिद्ध गुहा अशाच खांबांनी भरलेली आहे. तुम्ही त्याखाली फोटो काढाल, चढणार नाही, त्यामुळे तुम्हाला त्याची फार झळ नाही.

आता मे. मेमध्ये रेले नाहीच, पाऊस सुरू झालेला असतो. कालिम्नोस मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात मला ऑक्टोबरपेक्षाही आवडतं. दिवस लांब, सूर्यास्त आठनंतर. मसूरी गावाच्या वरचे बरेचसे कडे पश्चिमाभिमुख आहेत, तिथे साधारण दुपारी बारा-एकपर्यंत सावली. सहाला उजाडतं. खोलीतून सातला निघालात, वीस-पंचवीस मिनिटांची दगडधोंड्यांची चढण चढून भिंतीखाली पोचलात, की पाच तास निवांत हातात. मग ऊन भिंतीवर आलं की खाली जेवायला. ओडिसीसारख्या सेक्टरला (कड्याच्या भागाला) तर सावली आणखी थोडी रेंगाळते. समुद्र मेमध्ये गारच असतो. ऑक्टोबरच्या तुलनेत एवढंच उणं. मुलीला पाण्यात उतरवायचं तर तिचे ओठ निळे होण्याआधी बाहेर काढा.

न चढणाऱ्या बाबांची आणि मुलीची सोय दोन्हीकडे होते, पण वेगवेगळी. रेलेला वाळू, उथळ पाणी, गुहा, माकडं. मूल कंटाळत नाही. कालिम्नोसचे किनारे बहुतेक खड्यांचे. तिथे समोरच्या तेलेंदोस बेटावर मिर्तिएस गावाहून छोट्या बोटीने दहा मिनिटांत जाता येतं, गाड्या नाहीत, मुलीला मोकळं सोडता येतं. भिंतीखाली मात्र तिला बसवू नका. कालिम्नोसच्या शेळ्या कड्यांच्या वर, आडव्या पट्ट्यांवर, कुठेही चरत असतात आणि त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. खाली बिले देणाऱ्यानेही, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्यानेही, हेल्मेट काढू नये, हे मी तिथल्या शेळ्यांवरूनच लोकांना सांगते; आपल्याकडे सांगून कोणी ऐकत नाही.

मेच्या ग्रीसला जोडून येणारी कटकट व्हिसाची आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेमध्ये अर्धी मुंबई युरोपला निघालेली असते, त्यामुळे मार्च-एप्रिलात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. फेब्रुवारी उलटू देऊ नका. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतोच; पण तो कागद व्हिसापुरता ठरू शकतो, कारण नेहमीच्या प्रवास विम्यांत दोर लावून केलेलं क्लाइंबिंग सर्रास वगळलेलं असतं. पॉलिसीतला ‘साहसी खेळ’ हा परिच्छेद स्वतः वाचा, आणि क्लाइंबिंग त्यात बसतं की नाही ते कंपनीकडून लेखी घ्या. हे थायलंडलाही लागू. तिकडच्या व्हिसाचे नियम भारतीयांसाठी गेल्या काही वर्षांत बदलत आलेत, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नको.

एजंटचं जुलैचं आमिष फारच सतावत असेल, म्हणजे जुलैत सुट्टी आहेच आणि कुठेतरी चढायचंच आहे, तर परदेश कशाला? लाहौलमधल्या छत्रूला जा. पर्जन्यछायेत आहे, ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे आहेत, आणि तिकडचा हंगामच तो. रस्त्यावर दरडी कोसळतात तेवढे दिवस जास्तीचे ठेवा.

मी तुमच्या जागी असते तर मेचा पहिला पंधरवडा आणि कालिम्नोस धरलं असतं. खर्च थायलंडपेक्षा बराच जास्त येईल, प्रवास लांबचा आहे: अथेन्स, मग कोस, तिथल्या मास्तिहारी बंदरातून अर्ध्या-पाऊण तासाची बोट, मग टॅक्सी. पण ५सी लीड करणाऱ्या दोघांना आणि ६ए करणाऱ्या दोघांना रोज नवं आणि आपल्या आवाक्यातलं काही देणारी जागा मला दुसरी माहीत नाही. रेलेला तुमच्या ग्रेडचे रूट थोडे, घासलेले आणि गर्दीचे. साठवलेल्या पैशात ग्रीस बसत नसेल, तर ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते त्या वर्षीची रेलेची सहल ही दुय्यम निवड अजिबात नाही, फक्त भाऊबीजेच्या आत निघू नका.

जायच्या आधी दोन गोष्टींचा सराव करा. रूटच्या माथ्यावरच्या अँकरमधून दोर ओवून स्वतः उतरणं, कारण टॉप-रोप लावून द्यायला तिथे कोणी नसेल. आणि बिले देताना दोराच्या टोकाला गाठ मारायची सवय. कालिम्नोसचे रूट लांब आहेत, ७० मीटरचा दोर किमान, ८० असेल तर बरं. आपल्याकडच्या ५० मीटरच्या दोराने तिथे माणूस अर्ध्यावर लटकतो, किंवा गाठ नसेल तर त्याहून वाईट. रेलेच्या भिंतींवर दुसरी काळजी: खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलचेही बोल्ट आतून तडकतात, म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट चिकटवून बसवलेत. जुने गंजके दिसले की तो रूट सोडून द्या, कितीही सोपा असला तरी.

एजंटला नाही म्हणताना एवढं मात्र विचारून घ्या, की हेच पॅकेज नोव्हेंबरच्या मध्याला केवढ्याला पडेल. तो आकडा आणि मेच्या ग्रीसचा खर्च एका कागदावर मांडून चढणारे चौघं आणि न चढणारे बाबा, पाचही जण बसा.